रजा, राजीनामा आणि रझाकार

मराठवाड्यात माणसाला गप करायचं असंल तर एक शब्द पुरतो. रझाकार. ग्रामसभेत कुणी हिशोब मागितला, मोर्चात कुणी मुसलमान पोरांना सोबत घेतलं, कुणी सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला दोन अडचणीचे प्रश्न विचारले, की मागून आवाज येतो, "रझाकाराची औलाद!" कंधारच्या बाजारात, लोह्याच्या एस्टी स्टँडवर, अहमदपूरच्या हॉटेलात हा शब्द चहासोबत फिरत असतो. त्याचा अर्थ विचारून बघा. एकजण सांगंल, रझाकार म्हणजे जाळणारा, लुटणारा. दुसरा सांगंल, रझाकार म्हणजे मुसलमान. तिसरा जरा आवाज खाली करून सांगंल, मुसलमान आणि त्यांना सामील झालेले तुम्ही लोक.

मित्रांनो, या तिसऱ्या उत्तरासाठी हा लेख आहे. एक शब्द कुठून निघाला, कुणाच्या छातीवर बिल्ला म्हणून लागला आणि शेवटी कुणाच्या कपाळावर डाग म्हणून उमटवला गेला, हे चळवळीतल्या पोरांना माहीत असलं पाहिजे. नाहीतर आपण शिवी खात राहू, नाहीतर तीच शिवी दुसऱ्याला देत राहू. दोन्हींत आपलं नुकसान आहे.

आधी शब्द बघू.

तहसील कचेरीत आपल्याला रोज लागणारे शब्द घ्या. अर्ज, हजर, जामीन, जप्त, जिल्हा. कार्यकर्त्याचं अर्धं आयुष्य या पाच शब्दांत जातं. पाचही अरबीतून आलेत आणि पाचांतही अरबीतलं एकच अक्षर आहे. अरब लोक ते 'द'च्या जवळ उच्चारतात. इराणातून हिंदुस्थानात येता येता त्याचा 'ज' झाला. म्हणून तिकडचा 'रमदान' आपल्याकडं 'रमजान' होतो आणि तिकडचा 'कादी' आपला 'काजी' होतो. त्याच अक्षराचा आणखी एक शब्द आहे. अरबीत 'रिदा', फारसी-उर्दूत 'रझा'. अर्थ खुशी, संमती, मर्जी.

हा 'रझा' आपल्या घरातलाच आहे. मास्तर 'रजेवर' जातो, म्हणजे वरच्याची संमती घेऊन जातो. सोयरीक जमताना दोन्हीकडची माणसं 'राजी' होतात, तो त्याचाच भाऊ. 'राजीखुशीने लिहून देतो' असं कागदावर लिहितात, ते तेच. आणि 'राजीनामा' म्हणजे मुळात राजी झाल्याचा कागद, दोन पक्षांनी आपसात मिटवलं असं लिहून दिलेला. मग जमीन सोडून दिल्याचा कागदही राजीनामा झाला आणि शेवटी खुर्ची सोडल्याचा. आज पुढारी राजीनामा देतो तेव्हा तो किती राजी असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी शब्द तोच चालतो.

या 'रझा'ला फारसी 'कार' जोडला. कार म्हणजे करणारा, निजामाच्या कचेरीत 'पेशकार' असायचा तसा. रझाकार म्हणजे स्वतःच्या मर्जीनं काम करणारा. पगार नाही, जबरदस्ती नाही, मनात आलं म्हणून पुढं आलेला. मराठीत याला नेमका शब्द आहे, स्वयंसेवक. इंग्रजीत व्हॉलंटियर. उर्दूत आजही 'रझाकाराना' म्हणजे 'स्वेच्छेनं'. पुरात माणसं काढायला धावलेली पोरं उर्दू वर्तमानपत्रात रझाकारच असतात. नांदेडच्या एखाद्या उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्याला या शब्दात सेवा दिसते. त्याच्या शेजारच्या मराठी म्हाताऱ्याला पेटलेलं घर दिसतं. शब्द एकच, गल्लीही एकच.

हे पेटलेलं घर खोटं नाही. त्याबाबत कुणी गडबड करू नये.

हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ साली निघाली. बहादूर यार जंग तिचे पुढारी झाले तेव्हा तिच्या स्वयंसेवकांचं दल उभं राहिलं, रझाकार. १९४४ ला बहादूर यार जंग वारले. १९४६ ला संघटनेची सूत्रं कासीम रझवीच्या हातात आली. हा रझवी लातूरचा वकील. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं. म्हणजे ज्या माणसानं 'स्वेच्छेनं काम करणारा' या शब्दाचा अर्थ कायमचा बदलून टाकला, तो आपल्याच भागातल्या कोर्टात वकिली करत होता.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. निजामानं सामील व्हायचं नाकारलं. पुढची तेरा महिने आपल्या भागातली माणसं विसरली नाहीत. हत्यारबंद टोळ्या गावात शिरायच्या, घरं लुटायच्या, जाळायच्या. माणसं सरहद्द ओलांडून विदर्भाकडं पळाली. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीवर रझाकारांशी लढताना माणसं मेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत घुसली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. फौज आली तरी लोकांनी त्याला नाव दिलं 'पोलीस ॲक्शन', कारण दिल्लीनं तसं सांगितलं. बोलीत तर नुसतं 'ॲक्शन'. आपल्याकडं जुन्या बायका वय सांगायच्या ते असं : "रजाकारात मी पाळण्यात होते, ॲक्शन झाली तवा रांगत होते." शब्दाचं साल झालं. त्याला '-ई' लागून 'रझाकारी' झाली. "ही काय रझाकारी लागून गेली का?" म्हणजे ही काय दंडेली आहे? पलीकडं इंग्रजी मुलखातले मराठी लोक आपल्या मुलखाला 'मोगलाई' म्हणायचे आणि अंदाधुंदीलाही 'मोगलाई'च म्हणायचे, तसंच हे.

इथवर शब्द कृत्याचा होता. जो जाळतो तो रझाकार. ज्यानं जाळणं सोडलं तो रझाकार राहिला नाही. अशा शब्दाबद्दल तक्रार नाही. जुलमाला नाव पाहिजेच.

आता आपल्या वस्तीत या.

रझा म्हणजे संमती. निजामाच्या मुलखात महारवाड्याची, मांगवाड्याची संमती कुणी विचारली होती? पाटलानं बोलावलं की जायचं. अंमलदाराचा घोडा आला की गवत आणायचं, सामान वाहायचं, टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं. याचं नाव वेठ. हा संस्कृत 'विष्टी'पासून आलेला शब्द, म्हणजे वेठ किती जुनी हे त्यावरूनच समजा. मुसलमानी अमलात तिला फारसी नाव मिळालं, बेगार. राज्य बदललं, भाषा बदलली, ओझं त्याच डोक्यावर राहिलं. रझाकार आणि वेठबिगार हे नेमके उलट अर्थाचे शब्द आहेत. एक आपल्या मर्जीनं काम करणारा, दुसरा ज्याला मर्जीच नाही असा. आणि इतिहासाचा डाव बघा, १९४८ नंतर गावानं वेठबिगाराच्याच नावापुढं रझाकार लिहून टाकलं.

हे कसं झालं? अर्धसत्यावरून झालं, म्हणून पूर्ण सत्य सांगतो.

निजामाच्या राज्यात दलितांचं एकच राजकारण नव्हतं. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि तिथं बाबासाहेब आले. तो आंबेडकरी धागा होता. दुसरीकडं डिप्रेस्ड क्लासेस असोसिएशनचे बी. एस. व्यंकटराव आणि बी. शामसुंदर यांनी निजाम सरकारशी हातमिळवणी केली. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. त्यांचा हिशोब असा होता की सवर्ण हिंदूंच्या राज्यात आपल्याला काय मिळणार आहे? हिशोब चुकला असंल, पण प्रश्न खोटा होता असं कोण म्हणंल? गावपातळीवर काही पोरं रझाकारांत गेलीही. कुणी भाकरीसाठी, कुणी भीतीनं, कुणी अंगावर गणवेश आल्यावर पाटलाच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो म्हणून. हे लपवायचं कारण नाही.

पण बाबासाहेबांनी काय सांगितलं? नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी जाहीर पत्रक काढलं. पाकिस्तान आणि हैदराबादेतल्या अस्पृश्यांनी मुस्लिम लीगवर विसंबू नये आणि हैदराबादेतल्यांनी निजामाची, इत्तेहादची बाजू घेऊन समाजाला कमीपणा आणू नये, असा त्याचा आशय. पोलीस ॲक्शनच्या दहा महिने आधी. ज्यांना 'आंबेडकरवाले म्हणजे रझाकार' असं म्हणायचं असंल, त्यांनी ही तारीख पाठ करावी.

आणि रझाकारांनी दलित वस्त्या सोडल्या होत्या का? आपल्या शेजारचा बिदर जिल्हा घ्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. भालकी तालुक्यातल्या वरवट्टी गावात रझाकारांनी घरं पेटवली. त्यात एका दलित कुटुंबातली आई आणि बहीण जळून मेल्या. बाप आणि लहानगा पोरगा वाचले आणि गुलबर्ग्याला गेले. तो पोरगा म्हणजे पुढं काँग्रेसचे अध्यक्ष झालेले मल्लिकार्जुन खर्गे. म्हणजे मेलेल्यांत आपण होतो, पळालेल्यांत आपण होतो, थोडे मारणाऱ्यांतही होते. गावानं लक्षात ठेवलं ते फक्त शेवटचं.

कारण लक्षात ठेवण्यात फायदा होता. ॲक्शननंतर सूड सुरू झाला. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सगळ्यांत जास्त पोळलेले म्हणून नोंदवले आणि संस्थानात मेलेल्यांचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजार असा दिला. मेलेले बहुतेक मुसलमान होते. त्यांतले कितीतरी विणकर, मजूर, शेतकरी. कासीम रझवीशी त्यांचा संबंध एवढाच की नमाज एकच होती. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं दाबून ठेवला. याच हवेत दलितांवरही 'सामील होते' असा ठपका आला. मारहाण झाली, वस्त्यांवर चाल झाली, निजामाच्या काळात कसायला घेतलेल्या पडीक-गायरान जमिनींवरून हुसकावलं गेलं. ज्याची जमीन घ्यायची आहे त्याला रझाकार म्हटलं की पुढचं काम सोपं होतं. मग राजीनाम्याच्या कागदावर अंगठा घ्यायचा, आणि कागदावर लिहायचं 'राजीखुशीने'.

शब्द इथं पालटला. कृत्याचं नाव होतं, ते जन्माचं नाव झालं. 'जो जाळतो तो रझाकार' याचं 'जो त्या गल्लीत जन्मला तो रझाकार' झालं. पहिल्यातून माणूस सुटू शकतो. दुसऱ्यातून मेला तरी सुटत नाही, त्याची नातवंडंही सुटत नाहीत. मित्रांनो, हा पालट आपल्या ओळखीचा आहे. धंद्याची नावं जातींची नावं कशी झाली आणि जातींची नावं शिव्या कशा झाल्या, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? गावगाड्याला हे एकच तंत्र येतं. नवीन शब्द मिळाला की तो त्याच जात्यात घालायचा.

तीस वर्षांनी शब्द पुन्हा बाहेर काढला गेला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यानं त्यात काय पाहिलं ते तुमच्या घरातली वडीलधारी माणसं सांगतील. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना हालहाल करून मारलं. ते मातंग होते, जयभीम सोडायला तयार नव्हते. त्या दिवसांत नामांतराच्या विरोधात जी भाषा झाली तिच्यात 'मराठवाड्याची अस्मिता' हा पुढचा शब्द होता आणि त्याच्या मागं जुनी कुजबुज होती : मुक्तिसंग्रामात हे लोक कुठं होते? हे तर निजामाकडं होते. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेले काही धुरीणसुद्धा नामांतराच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या त्यागाबद्दल शंका नाही. पण मुक्ती कुणाची, हा प्रश्न त्यांनी १७ सप्टेंबरलाच सुटला असं धरलं होतं. महारवाड्यात तो सुटला नव्हता.

आता मूळ अर्थ आठवा. स्वतःच्या मर्जीनं, बिनपगारी, जथ्यानं येऊन दुसऱ्याच्या वस्तीवर चाल करणारा. १९७८ च्या त्या ऑगस्टात गावोगाव जे जथे आले, त्यांना कुणी पगार दिला होता का? शब्दकोश उघडून बसलं तर त्या जथ्यांना काय म्हणावं लागंल ते वाचणाऱ्यानंच ठरवावं. मी मात्र इथं थांबतो. त्या जथ्यांत आलेल्यांची नातवंडं आज आपल्या पोरांसोबत कॉलेजात बसतात. त्यांना मी 'रझाकाराची औलाद' म्हणणार नाही. म्हटलं तर मी त्याच जात्याचा खुंटा धरला.

शब्द असा जन्माला चिकटवला की शेवटी काय होतं, याचा एक धडा बंगालात बघा. १९७१ ला पूर्व पाकिस्तानात लष्करानं एक मदतनीस दल उभं केलं. नाव तेच, रझाकार. तिकडं उच्चार 'राजाकार'. या दलानं लष्कराला वाट दाखवली, कत्तलींत हात घातला. बांगलादेश झाल्यावर हा शब्द तिथली सगळ्यांत जहरी शिवी झाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी हुमायून अहमद यांच्या 'बहुब्रीही' या टीव्ही मालिकेत पोपटाच्या तोंडी 'तू रझाकार' हे वाक्य घातलं, तेव्हा माणसांना उघड बोलायला जड जात होतं ते पोपटानं बोलून दाखवलं. तिथवर शब्द पीडितांचा होता. पुढं तो सत्तेचा झाला. जो सरकारला नको तो रझाकार. १४ जुलै २०२४ ला पंतप्रधान शेख हसीना यांनी नोकऱ्यांतल्या कोट्याविरुद्ध लढणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल विचारलं, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या नोकऱ्या? त्याच रात्री ढाका विद्यापीठातली पोरं-पोरी वसतिगृहांतून बाहेर पडली आणि घोषणा देऊ लागली, तू कोण, मी कोण, रझाकार, रझाकार. ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला. (तो कोटा मुक्तियोद्ध्यांच्या वंशजांचा होता. आपल्या आरक्षणाशी त्याची गल्लत कुणी करू नये.) शिवी इतकी वापरली की ती बोथट झाली. त्यात तोटा कुणाचा झाला? १९७१ ला ज्यांची घरं खरोखर जळाली त्यांचा. त्यांच्या दुःखाला जो शब्द होता तो सरकारनं उधळून टाकला.

आपल्याकडं तेच चाललंय. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत योगी आदित्यनाथ यांनी अचलपूरच्या सभेत खर्गेंच्या जळालेल्या आईचा विषय काढला. खर्गे मतांसाठी त्याबद्दल बोलत नाहीत, असं ते म्हणाले. खर्गेंच्या मुलानं, प्रियांक खर्गे यांनी, उत्तर दिलं त्याचा मतलब असा : हे रझाकारांनी केलं, सगळ्या मुसलमान समाजानं नाही. किती साधं उत्तर! ज्याची आजी जळाली तो कृत्याला कृत्य म्हणतो. ज्याचं काही जळालं नाही तो अख्ख्या जमातीला बोलतो. एका दलित बाईच्या मरणाचा हिशोब कुणी मांडायचा आणि कुणाविरुद्ध वापरायचा, हे ठरवायची रजा कुणी कुणाकडून घेतली?

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. रझाकारीचा इतिहास टाळू नका. सतरा सप्टेंबर हा आपलाही दिवस आहे, झेंड्याला जा. कल्हाळीत मेलेल्यांना मान द्या, वरवट्टीत जळालेल्यांची नावं घ्या, सुंदरलाल अहवाल वाचा, पोचीराम कांबळेंना विसरू नका. यातलं एक सांगून दुसरं लपवणारा माणूस इतिहास सांगत नसतो, कुणाची तरी जमीन हेरत असतो. तुमच्या गावात १९४८ पाहिलेलं एखादं माणूस अजून असंल तर वही घेऊन त्याच्यापाशी बसा. विचारा, कोण आलं होतं, कुठून आलं, कुणाचं घर जळालं, ॲक्शननंतर कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली. जुन्या सातबाऱ्याशी, खासरापत्रकाशी ताडून बघा. ही माणसं आता बोटावर मोजण्याएवढी राहिलीत.

आणि सभेत तोंडातून 'रझाकार' निघणार असंल तर आधी तीन गोष्टी हातात ठेवा : गाव, साल, कृत्य. या तीन असतील तर बिनधास्त बोला. नसतील तर ती शिवी आहे. आणि शिवीवर माणसं जोखण्याचं काम ज्यांनी आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्या रांगेत उभं राहायला आपण राजी नाही.

जयभीम!